मुलींच्या डोक्यात कोडिंग शिरत नाही म्हणे!

‘मुलींना कॉम्प्युटरकडे ढकलू नका’ असा एक लांबलचक मेसेज सध्या बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली सही ‘एक अनुभवी शिक्षक’. असल्या मेसेजला मी उत्तर देत बसत नाही. पण वहिनीनं तो मला पाठवून विचारलं, ‘मग हिला पीसीएमसी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर) नको ना?’ भाचीला एसएसएलसीत, म्हणजे दहावीत, गणिताला उत्तम मार्क आहेत. आता गप्प कशी बसू?

म्हणे, मुलींच्या मेंदूची घडणच कोडिंगला मानवत नाही. १९४५-४६ साली एनियाक या सुरुवातीच्या अवाढव्य कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत ३७ टक्के मुली होत्या, पुढे हा आकडा २० टक्क्यांच्याही खाली आला. पंचवीस वर्षांत मेंदू बदलला का? घरी आलेला कॉम्प्युटर पोराच्या खोलीत गेला, त्याची जाहिरातही पोरांसाठीच. मग कॉलेजात पहिल्या दिवशी पोरं पुढे आणि पोरी ‘आपल्याला जमत नाही बहुतेक’ म्हणत मागे. आपल्याकडच्या लॅबमध्ये जाऊन बघा. एका मशीनवर तिघं. माऊस पोराच्या हातात, रेकॉर्ड बुक पोरीच्या. वर्षाअखेर अक्षर तिचं छान, हात त्याचा बसलेला. दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायला लावा, इतकं सोपं आहे.

दुसरं, ‘मुलींसाठी अभ्यासक्रम बदलला की दर्जा घसरतो.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. पोरींना गुलाबी वेबपेज रंगवायला देणारे कोर्स असतात आणि ते भंपकच असतात. पण कॅलिफोर्नियाच्या हार्वे मड कॉलेजनं काय केलं ते वाचा. पहिल्याच कोर्सचे दोन वर्ग केले: आधी कोडिंग केलेले वेगळे, कधीच न केलेले वेगळे. जावा ही कोडिंगची भाषा काढून पायथन ही भाषा आणली, उदाहरणं निरनिराळ्या विषयांतली घेतली. वर्गात शहाणपणा मिरवणाऱ्यांना सर बाजूला घेऊन सांगायचे, ‘हे तासानंतर बोलू.’ पुढच्या कोर्सला सगळे पुन्हा एकत्र, तिथं कुणाला सवलत नाही. २००६ च्या आसपास तिथं या विषयात मुली जेमतेम दहा टक्के होत्या, पाचेक वर्षांत चाळीसच्या घरात गेल्या. आपल्याकडे हेच करायचं तर डेअरीच्या फॅटवरून दुधाचा दर काढायचा प्रोग्रॅम द्या की! ते गणित खानापूरच्या पोरीला सरांपेक्षा लवकर कळेल.

‘मराठी माध्यमाच्या मुलींना इंग्रजी झेपत नाही.’ पायथनचे राखीव शब्द, म्हणजे भाषेनं ठरवून ठेवलेले इंग्रजी शब्द, पस्तीसच्या आसपास. इथली पोर शाळेत मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लिहिते, तिला एवढे शब्द जड?

‘एआय आलं, आता कोडिंग संपलं.’ मग मुलांनाही नको म्हणा. ते मेसेजमध्ये कुठंच नाही.

शेवटी, ‘रोज बेळगावला जाणं परवडत नाही.’ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट शून्य रुपयांचं आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ खानापूर रोडवरच, मच्छेत आहे. संध्याकाळच्या गाडीला मरणाची गर्दी असते, हे खरं. मग जादा गाडीसाठी डेपो मॅनेजरकडे अर्ज द्या, चार सह्या मी गोळा करून देते.