‘किटकॅटमध्ये दुहेरी तार घाला’ : सोसायटीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या सल्ल्याला उत्तर

ठाण्यात नौपाडा, चरई, कोपरीतल्या जुन्या इमारती असोत की वाशी-नेरूळमधली सिडकोची सुरुवातीची घरं, सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश अधूनमधून उगवतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. जुना चिनी मातीचा किटकॅट (हाताने तार भरायचा फ्यूज) एमसीबीपेक्षा (जादा करंटला आपोआप पडणाऱ्या, म्हणजे बंद होणाऱ्या स्विचपेक्षा) भरवशाचा, एमसीबी हा वायरमनचा धंदा. फ्यूज सारखा उडत असेल तर दुहेरी तार पिळून घाला. फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्हीवर फ्यूज म्हणजे दुप्पट सुरक्षा. एमसीबी लावलाच असेल तर शॉकची भीती संपली. आणि शेवटी हुकमाचा एक्का : इमारत रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, आता कशाला खर्च?

सगळ्यात घातक सल्ला दुहेरी तारेचा, म्हणून सुरुवात तिथूनच.

फ्यूज गीझरला वाचवायला नसतो, माणसालाही नाही. तो भिंतीतल्या वायरसाठी असतो. म्हणून फ्यूज वायर किती अँपिअरची घालायची हे मागची वायर ठरवते, घरातली उपकरणं नव्हे. कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या फ्यूज वायरचं माप ठरलेलं आहे : ५ अँपिअरला ०.२ मिलिमीटर जाडी, १० ला ०.३५, १५ ला ०.५, २० ला ०.६ आणि ३० ला ०.८५. अँपिअरचा हा आकडा तार न वितळता सतत किती करंट वाहील याचा आहे. वितळायला साधारण दुप्पट करंट लागतो.

आता हिशेब करा. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, २००० वॉटची इंडक्शन शेगडी तेवढेच, १००० वॉटची इस्त्री ४.३. तिन्ही एकाच सर्किटवर चालू झाली की २२ अँपिअरच्या जवळ. पाइपातल्या दीडच्या (दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या) वायरला १५ अँपिअरच्या आसपास झेपतात. आणि १५ चा फ्यूज नियमाने भरलेला असला तरी २२ ला तो उडेलच असं नाही, त्याला २८-३० लागतात. म्हणजे तुमचा फ्यूज लोडमुळे उडतो तोपर्यंत वायर आधीच हाल सोसून बसलेली असते. त्यात तार दुहेरी केली की हाच आकडा ५० च्या घरात जातो. मग वितळतं ते वायरचं प्लास्टिक, आणि तेही डोळ्यांसमोरच्या किटकॅटमध्ये नाही, तर माळ्यावरच्या किंवा फॉल्स सीलिंगमागच्या एखाद्या सैल जॉइंटपाशी.

‘फ्यूज वायर नसेल तर साध्या वायरीची तार चालते’ ही याच सल्ल्याची पुरवणी. दीडच्या मल्टिस्ट्रँड वायरीत ०.३ मिलिमीटरच्या २२ तारा असतात. त्यातली एक तार साधारण १३ अँपिअरला वितळते, म्हणजे ती ५ आणि १० च्या फ्यूज वायरच्या मधली. पण एक तार घालतो कोण? चार पिळून घालतात, आणि तिथे ५० अँपिअरला झोपून राहणारा फ्यूज तयार होतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात अँपिअर लिहिलेली फ्यूज वायर अगदी किरकोळ पैशांत मिळते.

फ्यूज सारखा का उडतो, हे बहुतेक वेळा ग्रिपच (किटकॅटचा ओढून काढायचा, तार भरायचा भाग) सांगते. चिनी मातीवर काळा फराटा आणि तांब्याचे बारीक मणी उडालेले दिसले तर शॉर्ट सर्किट. तार मधोमध शांतपणे तुटलेली, डाग जवळजवळ नाही, तर लोड जास्त. तार स्क्रूपाशीच जळलेली आणि पितळी पट्टी निळी-काळी पडलेली असेल तर लोडचा फारसा संबंध नाही. संपर्क सैल आहे, तिथे उष्णता होते आणि तार तिथेच तुटते. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत हा तिसरा प्रकार भरपूर. बेसमधल्या (बोर्डावर पक्क्या बसवलेल्या भागातल्या) पट्ट्यांचा ताण गेला, त्यांच्यावर हिरवा गंज धरला, की नवी तार घालून उपयोग नसतो. ग्रिप आणि बेस दोन्ही बदलावे लागतात. पावसाळ्यातच आणि त्यातही रात्रीच फ्यूज जात असेल तर गच्चीतून किंवा बाहेरच्या एसी पॉइंटमधून पाइपात उतरलेलं पाणी शोधा.

तार बदलण्याची पद्धतही त्या संदेशात अर्धीच आहे. ‘ग्रिप ओढून काढा, तार गुंडाळा, परत दाबा.’ यात मेन स्विच कुठेच नाही! शॉर्ट अजून कायम असताना चालू मेनवर ग्रिप दाबली तर ठिणगी हातापाशी उडते. आधी टेस्टर चालू असलेल्या पॉइंटवर तपासून घ्या, मग मेन बंद करा. आता टेस्टर किटकॅटवर लावा, तो पेटायला नको. त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढा, बटणं बंद करा. जुन्या तारेचे तुकडे आणि मणी काढून कोरड्या फडक्याने ग्रिप पुसा. नवी तार स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक वेढा घेऊन आवळा, म्हणजे स्क्रू फिरताना ती आत ओढली जाते. ताणू नका, किंचित सैल ठेवा. स्क्रू इतकाही आवळू नका की तार दबून चिरेल, नाहीतर ती कमी करंटला तुटते आणि ‘तार हलकी होती’ म्हणून पुढच्या वेळी जाड घातली जाते. ग्रिप बसवा, मग मेन चालू करा, मग एकेक उपकरण. काहीही जोडलेलं नसताना फ्यूज पुन्हा गेला तर दोष वायरिंगमध्ये आहे. तिसरी तार घालू नका.

एमसीबी हा धंदा आहे का? संदेशातली एक गोष्ट खरी : किटकॅटमध्ये बिघडायला यंत्रणाच नाही, आणि योग्य तार घातलेला किटकॅट निरुपयोगी नसतो. पण ‘योग्य तार’ ही अट कोणीही, कधीही, स्क्रूड्रायव्हरने मोडू शकतो. १६ चा एमसीबी १६ चाच राहतो. तो सुमारे दीडपट करंटला, म्हणजे २३ अँपिअरला, तासाभराच्या आत पडतो. म्हणूनच किटकॅट काढून एमसीबी लावल्यावर ‘हा सारखा पडतो’ अशी तक्रार येते. तो नाजूक नसतो. जो जादा लोड किटकॅट वर्षानुवर्षं गिळत होता तो आता दिसायला लागतो. मोठ्या शॉर्टमध्ये तर तुलनाच नाही. घरगुती एमसीबी ६ किंवा १० किलोअँपिअरचा करंट तोडायला बनवलेले असतात, किटकॅटची मजल साधारण २ ते ४ पर्यंत. मापं घ्यायची ती अशी : दीडच्या वायरीवर लाइट-पंख्यासाठी ६ किंवा १०, अडीचवर १६, चारच्या वायरीवर एसीसाठी २०. जुन्या इमारतीत वायर अॅल्युमिनियमची निघाली तर हे आकडे लागू नाहीत, एक पायरी खाली या, आणि तांब्याला तिचा थेट पीळ मारू देऊ नका.

दोन्ही वायरींवर फ्यूज म्हणजे दुप्पट सुरक्षा? उलट. न्यूट्रलवरचा फ्यूज आधी उडाला तर दिवा विझतो, पंखा थांबतो आणि फेज मात्र उपकरणापर्यंत जिवंत राहते. ‘लाइट गेली’ समजून होल्डरला हात लावणारा तिथे सापडतो. ओळख सोपी आहे : एखादं बटण चालू असताना सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो. एकट्या न्यूट्रलवर फ्यूज घालायला १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही मनाई होती. वायरमनकडून तो काढून तिथे सलग न्यूट्रल लिंक (फ्यूजऐवजी सरळ जोडणारी पट्टी) बसवून घ्या. पण आधी फेज खरंच कुठल्या ग्रिपवर आहे ते तपासायला सांगा, जुन्या बोर्डांत अदलाबदल झालेली सापडते.

एमसीबी असला की शॉकची भीती नाही, हेही खोटं. माणसाचा जीव घ्यायला काही डझन मिलिअँपिअर पुरतात. १६ अँपिअरच्या एमसीबीला ते कळतही नाहीत. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती करंट ओळखून पडणारा स्विच) लागतो. त्याच्यावर ४० अँपिअर असं काही लिहिलेलं असतं, पण तो जादा लोडला पडत नाही, म्हणून एमसीबीही हवेतच. जुन्या घरात तो बसवताच पडत राहतो, कारण त्याच्यामागच्या सर्किटचा न्यूट्रल कुठेतरी त्याच्याबाहेरच्या सर्किटशी बांधलेला असतो किंवा गीझरची कॉइल गळत असते. अशा वेळी न्यूट्रल वेगळे करायचे, आरसीसीबी काढायचा नाही. त्याचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. दाबून पडला नाही तर तो बदला.

राहिला रिडेव्हलपमेंटचा मुद्दा, आणि हा सगळ्यांत जास्त पटतो. ठाण्यात मीटिंगा सुरू होऊन चावी देईपर्यंत किती वर्षं जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पूर्ण वायरिंग करा असं कोणी म्हणतच नाही. आधी एक आरसीसीबी आणि चार-सहा एमसीबींचा छोटा डीबी (वीज वाटणारी पेटी). मग गीझर आणि एसी जुन्या सर्किटवरून काढून भिंतीवरून पीव्हीसी पट्टीतून स्वतंत्र वायर, अर्थिंगसह. भिंत फोडायची नाही, आणि इमारत रिकामी करताना डीबी, एमसीबी, वायर सगळं सोबत नेता येतं. जुन्या वायरीवर मग दिवे, पंखे, टीव्ही एवढंच राहतं, आणि तिचा जन्म तेवढ्यासाठीच झाला होता.

दुसऱ्या एसीमुळे मंजूर भार ओलांडला जात असेल तर तो वाढवण्याचा अर्ज करावा लागतो. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट मागा. मीटर रूममधल्या कटआउटला (वीज कंपनीच्या मुख्य फ्यूजला) आणि सीलला मात्र वायरमननेही हात लावायचा नाही. घरातलं सगळं ठीक असून वीज नसेल तर महावितरणचा १९१२, आणि कळवा-मुंब्रा-शीळ पट्ट्यात टोरंट पॉवर.