लेका, पाणी जरा बेतानं!

माझ्या हातून झाडं गेली ती दुर्लक्षानं नव्हे, मायेनं गेली. सकाळी उठलो की पहिला तांब्या कुंडीत. कोरफड गेली, पाठोपाठ निवडुंग गेला. महिनोन्‌महिने पावसाविना तग धरणारं झाड माझ्या खिडकीत बुडून मेलं, हे मी चारचौघांत सांगत नाही. पुढे कळलं की मुळं पाण्यानं कुजत नाहीत, गुदमरून कुजतात. सततच्या चिखलात हवा उरत नाही, प्राणवायू मिळत नाही, मग बुरशी आयतीच पंगतीला बसते.

म्हणून मी सेमी-हायड्रोपोनिक्सच्या नादी लागलो. म्हणजे निम्मी जलशेती. मातीला रजा द्यायची, कुंडीत भाजलेल्या चिकणमातीच्या सच्छिद्र गोळ्या भरायच्या आणि तळाशी दोन बोटं पाणी ठेवायचं. वात तेल ओढते तशा त्या गोळ्या ओलावा वर ओढतात, आणि मधल्या फटींतून मुळांना हवा मिळते. झाडानं हवं तेव्हा, हवं तेवढं प्यावं. आपण लुडबुड करायची नाही. माझ्यासारख्या मारेकऱ्यासाठी हे सुधारगृहच म्हणायचं.

या गोळ्यांना लेका म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरं जोडून झालेलं नाव आहे, पण ते ठेवणाऱ्याला मराठी येत नसणार. मी ऑफिसातून घरी फोन केला, "आई, लेका आला का?"

"लेकच विचारतोय लेका आला का म्हणून!" आई म्हणाली. "बरा आहेस ना?"

संध्याकाळी तिनं खोक्यातली एक गोळी चिमटीत धरून उजेडात फिरवली. "गोट्या दिसतायत. कशाच्या?"

"मातीच्या."

"माती नको म्हणून माती आणलीस?"

मी तिला समजावलं की ही साधीसुधी माती नव्हे. फिरत्या भट्टीत सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजून फुगवलेली, आतून बुडबुड्यांची, बाहेरून कडक. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वीट."

आता ती वीट धुवायची. इथे माझा पहिला पराभव झाला. गोळ्यांवर लालसर भुकटी असते. ती न धुता भरली तर तळाशी गाळ साचतो. मी चाळणीत ओतून नळाखाली धरल्या. पाणी लाल. पुन्हा धरल्या, पुन्हा लाल. पाचव्यांदा जरा फिकं झालं असं मला वाटलं, पण तेव्हा माझे डोळेच लाल होते. मग त्या चोवीस तास भिजत घालायच्या. हलक्या असल्यानं बऱ्याचशा तरंगतात, आणि बादली जरा कलती झाली की गोळ्या पाण्याच्या आधी बाहेर पडतात. एक मोरीच्या जाळीत अडकली, चार फ्रिजखाली गेल्या, आणि एक रात्री अंधारात माझ्या टाचेखाली सापडली. १२०० अंशांनी काय कडकपणा येतो हे मला त्या क्षणी समजलं.

पुढची पायरी मुळं धुण्याची. मातीचा कणही राहू द्यायचा नाही, नाहीतर तो ओला राहून कुजतो. मी जेडची, म्हणजे त्या जाड गुबगुबीत पानांच्या झाडाची, मुळं जुन्या टूथब्रशनं घासत तासभर मोरीत बसलो होतो. माझे स्वतःचे दात एवढ्या निगुतीनं कधी घासलेले नाहीत. आणि एवढं करून जी मुळं धुतली त्यातली बरीचशी पुढे मरतातच! मातीत वाढलेल्या मुळांना ही पाणथळ नोकरी झेपत नाही. झाड नव्या जागेला मानवणारी नवी मुळं काढतं, आणि तोवर काही आठवडे तोंड पाडून बसतं. मीही बसलो.

बरं, गोळ्यांत पोषण शून्य. माती निदान फुकट जेवू घालते. इथे प्रत्येक घास आपण मोजून द्यायचा. खत पातळ करा, पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आणा, महिन्यातून एकदा साध्या पाण्यानं क्षार धुऊन काढा. ते क्षार गोळ्यांवर पांढरे जमतात. मी आधी बुरशी समजून घासत होतो. हायड्रोपोनिक्स हा शब्द १९३७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेरिकी नावाच्या शास्त्रज्ञानं छापून रूढ केला. ग्रीकमध्ये हायडोर म्हणजे पाणी आणि पोनोस म्हणजे कष्ट. पाणी झाडाच्या वाट्याला आलं, पोनोस माझ्या.

खोटं कशाला बोलू, मनीप्लांटनं मात्र बाजी मारली. दोन महिन्यांत पांढरीशुभ्र जाडजूड मुळं, नवी पानं, आणि कुंडीभोवती घिरट्या घालणारी ती बारीक चिलटंही गायब. जेडसाठी मी पाण्याची पातळी दाखवणारी कुंडी घेतली होती. नळीत लाल तरंगती काडी. ती खाली टेकली की काही दिवस थांबून मग पाणी घालायचं. जेडला तर आणखी थांबवायचं, कारण ते पानांतच साठा करून बसलेलं असतं.

काडी खाली येईना. एक आठवडा, दोन, तीन. मी वहीत नोंद करत होतो आणि मित्रांना अभिमानानं सांगत होतो, "हे झाड तीन आठवडे थेंबभरही प्यायलेलं नाही." चौथ्या आठवड्यात खालची पानं पिवळी, काचेसारखी झाली आणि बोट लावताच गळून पडली. खोड दाबलं तर मऊ. कुंडी उचलली तर वास.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी प्यायला उठलो तर खिडकीशी आई. हातात तांब्या.

"आई! काय करतेस?"

"रोज घालते. तुझ्या त्या विटांत पाणी दिसतच नाही कुठे."

"अगं, त्याला हवं तेवढं ते स्वतः घेतं!"

"मग घेतलंच की," आई तांब्या रिकामा करत म्हणाली. "नको असतं तर नाही म्हणालं असतं, लेका."