‘सहा महिन्यांत भंगार’? इलेक्ट्रिक टूथब्रशवरच्या त्या मेसेजला उत्तर

लातुरात सध्या घराघरांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे इलेक्ट्रिक टूथब्रश आपल्या बोअरच्या पाण्यात सहा महिन्यांत भंगार होतो, ओल्या हातानं धरला तर शॉक बसतो, चार्जरवर ठेवला की बॅटरी बसते आणि हिरड्या सोलून निघतात. तो वाचून माझ्या आईनं तिचा ब्रश कपाटात टाकला. संधिवातानं तिची बोटं वळत नाहीत, साध्या ब्रशनं मागच्या दाढा घासणं तिला जमत नाही. मी मिक्सर, ट्रिमर दुरुस्त करतो. हे ब्रशही माझ्या टेबलावर येतात, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी पाणी, कारण त्यात थोडं तथ्य आहे. आपलं बोअरचं पाणी जड. बादलीला जो पांढरा थर धरतो, तोच ब्रशच्या धातूच्या दांड्यावर धरतो. त्यात पेस्ट आणि लाळ मिसळली की हेडच्या, म्हणजे वरच्या केसांच्या, काढता येणाऱ्या भागाच्या आत काळा, चिकट गाळ साचतो. मग मोटर घरघरते पण हेड हलत नाही आणि लोक म्हणतात, मोटर गेली. अशा वेळी हेड काढून ब्रश चालू करा. नुसता दांडा थरथरला तर मोटर ठीक आहे, दोष हेडमध्ये किंवा साचलेल्या थरात आहे. फडक्याला थोडं पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून दांडा पुसा, मग साध्या पाण्यानं धुवा. हँडल व्हिनेगरमध्ये बुडवू नका, उकळतं पाणी तर नकोच. रोजचं काम एवढंच : घासून झालं की हेड काढायचं, आतून धुवायचं आणि दोन्ही वेगवेगळं वाळत ठेवायचं. आईच्या ब्रशला एवढंच लागलं.

शॉकची भीती जुन्या काळातली आहे. 1954 साली स्वित्झर्लंडमध्ये आलेला इलेक्ट्रिक ब्रश थेट घरातल्या विजेवर चालायचा. आजच्या हँडलमध्ये चार व्होल्टच्या आसपासची छोटी बॅटरी असते. चार्जर आणि हँडल यांच्यात उघडी तार नसते. चार्जरमधल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रानं हँडलमधल्या कॉइलमध्ये वीज तयार होते. 230 व्होल्ट असतात ते चार्जरमध्ये. म्हणून चार्जर बेसिनपासून लांब, कोरड्या जागी ठेवा आणि वायर सोललेली असेल तर तो वापरूच नका.

‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नका’ हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळचा. आता बहुतेक ब्रशांत लिथियम-आयन असते, ती अधूनमधून चार्ज केली तरी बिघडत नाही. उलट रिकामी करून महिनोन्‌महिने कपाटात ठेवली तर खराब होते. बराच काळ पडून राहिलेला ब्रश चार्जरवर ठेवल्यावर लगेच दिवा लागला नाही म्हणून टाकून देऊ नका, एक दिवस तसाच राहू द्या. बाथरूमचा सॉकेट दिव्याच्या बटणावर तर नाही ना, तेही बघा. दिवा बंद केला की चार्जिंग बंद! आणि अमेरिकेतून लेकानं पाठवलेला ब्रश असेल तर चार्जरच्या खालचा मजकूर वाचा. तिथले काही चार्जर फक्त 110-120 व्होल्टचे असतात, आपल्या विजेवर जळून जातात.

हिरड्यांचं नुकसान दाबून घासल्यानं होतं, ते साध्या ब्रशनंही होतं. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या 2014 च्या आढाव्यात तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर इलेक्ट्रिक ब्रशनं साध्या ब्रशपेक्षा दातांवरचा थर 21 टक्के आणि हिरड्यांची सूज 11 टक्के कमी दिसली होती. ब्रश दातावर नुसता टेकवायचा आणि हळूहळू पुढं सरकवायचा, दोन मिनिटं. हेड तीन महिन्यांनी बदलतात. त्याआधीच केस फाकले तर हात जड पडतोय.

राहिलं बॅटरी बदलणं. ती सोल्डर केलेली आणि सीलबंद असते, सहज बदलता येत नाही, हे खरं. हँडल उघडलं की सील जातं आणि पाणी आत शिरतं, म्हणून वॉरंटी असेल तर मीही उघडत नाही. पण त्यासाठी सहा महिन्यांचा हिशेब लावू नका, तीन-चार वर्षं चाललेले ब्रश मी पाहिलेत. खरोखर संपला तर ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. उकिरड्यावर पेटवलेल्या कचऱ्यात टाकू नका, लिथियमची बॅटरी आगीत फुटते.