खाजच त आहे!

साहेब, त्वचारोगांसाठी सरकारी धोरण आखायचं तुमच्या मनात आहे असं कानावर आलं. अवश्य आखा. फक्त आमच्या खेड्यातलं चालू धोरण एकदा बघून जा, उगाच सुरळीत कारभारात खोडा नको.

हे धोरण बाजाराच्या दिवशी मेडिकलच्या काउंटरवर राबवलं जातं. गडी येतो, बायांकडे पाठ करतो, पँट जराशी खाली ओढून कमरेवरचा गोल चट्टा दाखवतो. काउंटरवरचा पोरगा मोबाइलवरून नजर न काढता मागे हात घालतो आणि ट्यूब पुढे करतो. “किती दिस लावू जी?” “बरं होते तोवर लावा.” झाली ओपीडी. केसपेपर नाही, रांग नाही, साहेब मीटिंगला गेले हेही नाही. बायांना तर चट्टा दाखवावाही लागत नाही. जाऊबाईची पिळून चपटी केलेली ट्यूब नमुन्याला आणली की भागतं.

त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि वरून क्लोबेटासोलसारखं जहाल स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश. बुरशी त्याहून खूश, कारण तिला अडवणारी शरीराची राखण स्टिरॉइडनं झोपवलेली असते. ट्यूब संपली की गजकर्ण दुप्पट होऊन परत येतं, आणि रूप असं पालटून की डॉक्टरनंही चकावं. जांघेतली कातडी पातळ होऊन ताणाचे व्रण पडतात ते निराळेच. पोरी तीच ट्यूब गोरं व्हायला तोंडाला चोळतात, मग तोंड लाल होतं आणि सोडली की आग होते म्हणून पुन्हा लावतात. तुम्ही याला दुष्परिणाम म्हणाल, मेडिकलवाला कायमचं गिऱ्हाईक म्हणतो.

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली. आमच्याकडे चिठ्ठी आहे ना! मागच्या साली नणंदेला मिळालेली, हळदीचे डाग पडलेली, डब्यात जपून ठेवलेली. गल्लीतल्या सगळ्या चट्ट्यांना ती चालते. कातडीचा डॉक्टर जिल्ह्याच्या गावी बसतो. तिथं जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी पाण्यात. ट्यूब स्वस्त पडते हे पाचवी शिकलेल्यालाही कळतं, त्याला अडाणी म्हणून जनजागृतीचा रथ धाडू नका. बरं, धाडायचाच असेल तर कापूस वेचून झाल्यावर धाडा, तेव्हा निदान बघायला माणसं असतात.

खरजेचं तर फारच सोपं. शास्त्र सांगतं, घरातल्या सगळ्यांनी, खाजत असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत परमेथ्रिनचं मलम लावावं, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकावं, आठवड्यानं परत एकदा लावावं. ऊन आमच्याकडे भरपूर, कारण ते सरकारी पुरवठ्यातून येत नाही. पण तुम्ही मात्र ‘एक केसपेपर, एक ट्यूब’ हे तत्त्व सोडू नका. सात जणांच्या घरात जो रांगेत उभा राहिला त्यालाच औषध. उरलेले सहा जण त्याचे किडे सांभाळतात आणि तो बरा झाला की इमानेइतबारे परत करतात. आश्रमशाळेत एका गादीवर दोन पोरं झोपवली की हीच योजना आणखी वेगानं फिरते.

फवारणीवर फार लिहू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं कपाशी फवारताना विषबाधेनं गेली, आणि पाठीवरच्या गळक्या पंपातलं विष कातडीतूनही आत शिरतं हे तेव्हा पेपरात सगळ्यांनी वाचलं. तुम्ही हातमोजे घातलेल्या हसऱ्या शेतकऱ्याचं पोस्टर लावा. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात हातमोजे घालून हसतो कसा, हे त्यालाच विचारू.

प्रस्तावनेसाठी मजकूर तयार आहे. जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य सभेनं २०२५ च्या मे महिन्यात त्वचारोगांना सार्वजनिक आरोग्यात अग्रक्रम द्यावा असा ठराव केलाय. पहिल्या पानावर तो टाका. दुसऱ्या पानावर आमचा कुष्ठसेवेचा वारसा येऊ द्या : १९३६ चं मनोहर दिवाणांचं दत्तपूर, १९४६ चं शिवाजीराव पटवर्धनांचं अमरावतीतलं तपोवन, बाबा आमट्यांचं वरोऱ्याचं आनंदवन. ज्या मुलखात एवढी कुष्ठधामं उभी राहिली तिथला कुष्ठरोग आता फक्त शाळेच्या सहलीपुरता उरला, असा वाचणाऱ्याचा समज झाला तर होऊ द्या. शिवाय २००५ च्या अखेरीस देशानं दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण असा आकडा गाठून निर्मूलन जाहीर केलंच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत अजून नवे रुग्ण सापडतात, पण जाहीर झाल्यावर सापडणं हा त्यांचा आगाऊपणा.

आणि कुष्ठरोगाच्या गोळ्यांची पाकिटंही फुकटच मिळतात, सहा महिने नाहीतर वर्षभर. अडचण एवढीच की कुष्ठरोगाचा चट्टा खाजत नाही. जो खाजतो त्याच्यासाठी ट्यूब आहे. जो खाजत नाही त्याला बाजाराच्या दिवशी मेडिकलसमोर कोण उभा करणार?

परवा आमच्या आशाताई घरोघर तपासत शेजारच्या बुढ्याकडे आल्या. दंडावर फिकट डाग होता, चार वर्षांचा. “काय होते त्याले? खाजत नाही, दुखत नाही,” बुढा म्हणाला. ताईंनी त्याला डोळे मिटायला लावले, बॉलपेनचं टोक डागावर टेकवलं, अंमळ दाबलं, आणि म्हणाल्या, “बाबाजी, लागलं तिथं बोट ठेवा.”

बुढा डोळे मिटूनच बसला. थोड्या वेळानं कंटाळून म्हणाला, “लाव ना मंग बाई, मी कवाचा बसून आहो.”