चावी, किल्ली आणि घमेलं

परवा लेक शाळेतून रडवेली होऊन आली. वर्गात "कपाटाची चावी" म्हणाली, तर बाईंनी सगळ्यांसमोर टोकलं, "चावी हिंदी आहे, मराठीत किल्ली म्हणायचं."

मला ते फार लागलं. किल्ली सुरेखच शब्द आहे, माझ्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. पण चावीसुद्धा आपलीच. ती पोर्तुगीजांकडून आली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये त्यांच्याकडून वसई घेतली, १९६१ मध्ये ते गोव्यातूनही गेले. पगार, बादली, तुरुंग, लिलाव, पाव, बटाटा मात्र आपल्याकडेच राहिले.

घमेलंही त्यांचंच. सध्या आमच्याकडे प्लास्टरचं काम चाललंय. गवंड्याच्या हाताखाली बिहारहून नुकताच आलेला एक पोरगा आहे. पहिल्या दिवशी गवंडी परांचीवरून ओरडला, "घमेलं दे रे!" पोरानं थापी पुढे केली. इकडे माल सुकत चाललेला. तिसऱ्या दिवशी तोच पोरगा खाली वाळू चाळणाऱ्याला सांगत होता, "आधा घमेला भर." हात अडला की शब्द असा तोंडात बसतो.

ठरवून आणलेले शब्दही रुजतात, हे मी मनापासून मानते. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या सुरनीस या पदाला सचिव म्हटलं. सचिव आजही मंत्रालयात आहे. पेशव्याचाही पंतप्रधान झाला होता, पण पेशवा परत आला आणि अख्ख्या काळाला पेशवाई हे नाव देऊन गेला. सावरकरांनी घडवलेला दिनांक प्रत्येक अर्जावर छापलेला असतो, आणि तोच अर्ज भरताना आपण शेजारच्याला विचारतो, "आज तारीख काय हो?" अर्जावर दिनांक, तोंडात तारीख. दोन्ही सुखानं नांदतायत.

शब्द आपला झाला का, हे बघायचं तर त्याला आपले प्रत्यय लावून बघा. पगार, पगाराला, पगारी, बिनपगारी. "बिनपगारी, फुल अधिकारी" म्हणताना पोर्तुगीज, इंग्रजी आणि संस्कृत एका दमात येतात, आणि इतकं अस्सल मराठी दुसरं काय असेल?

बाईंनी किल्ली जरूर शिकवावी. पण घरातून आलेल्या शब्दाला चूक म्हटलं की पोर पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही, त्याचं काय?

रात्री लेकीला हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मग कुलूप कुणाचं?" म्हटलं, अरबी, 'कुफ्ल'वरून आलेलं. "उद्या बाईंना सांगू?"

म्हटलं, थांब, मीच येते तुझ्याबरोबर.