जुलाब झाले की लगेच अँटिबायोटिक?

पोट बिघडलं की "डॉक्टर, अँटिबायोटिक द्याच" म्हणून मागे लागणारी माणसं बघितली की माझं डोकंच फिरतं. अहो, बरेचसे जुलाब व्हायरसमुळे होतात, त्यावर अँटिबायोटिक काडीचंही चालत नाही, मरतात ते आतड्यात मुक्कामाला असलेले आपलेच बॅक्टेरिया, आणि पुढचं इन्फेक्शन अडवायचं काम तर तेच करत असतात! (जुलाबात रक्त, जोराचा ताप असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील ते घ्या.)

१९५४ मध्येच उंदरांवर प्रयोग झालाय. एरवी साल्मोनेलाची (जुलाब, टायफॉइडसारखे आजार करणाऱ्या जंतूची) लागण व्हायला साधारण १ लाख जंतू लागायचे, पण आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर १० सुद्धा लागेनात!!

हे बॅक्टेरिया नुसते जागा अडवून बसत नाहीत. फायबर आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यात गेलं की ही मंडळी ते आंबवून अ‍ॅसिटेट, प्रोपियोनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं बनवतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं इंधन, ते जाळताना त्या ऑक्सिजन संपवतात, मग आतल्या पोकळीत ऑक्सिजन जवळपास उरतच नाही आणि साल्मोनेलाला तर जोमाने वाढायला तोच हवा असतो. प्रोपियोनेट त्याच्या पेशीत शिरून आम्लतेचं गणितच बिघडवतं. म्हणजे अन्न आपण खायचं आणि बंदोबस्त त्यांनी करायचा, फुकटात.

पित्ताचंही तसंच. लिव्हरमधून आलेल्या पित्ताम्लांचं रूप काही बॅक्टेरिया बदलतात आणि ते बदललेलं रूप क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलला (अँटिबायोटिकनंतर जोराचे जुलाब करणाऱ्या जंतूला) वाढू देत नाही. अँटिबायोटिकने हे बॅक्टेरिया गेले की उरतं मूळ पित्ताम्ल, ज्याने त्या जंतूचे झोपलेले बीजाणू उलट जागे होतात. या जंतूचा सारखा उलटणारा आजार असलेल्या पेशंटना निरोगी माणसाच्या विष्ठेतले बॅक्टेरिया नळीने दिले, तर पहिल्याच वेळी १६ पैकी १३ बरे झाले, नुसत्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकवर १३ पैकी ४. नेदरलँड्समधली ट्रायल, २०१३ ची. शी म्हणा हवं तर, पण आकडे बघा.

आता कमेंटमध्ये "मग प्रोबायोटिक (चांगल्या बॅक्टेरियाची कॅप्सूल) कुठलं घेऊ" येणारच. २०१८ मध्ये इस्रायलमध्ये अँटिबायोटिकनंतर काही जणांना प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच नाही. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांचे स्वतःचे बॅक्टेरिया लवकर परतले, प्रोबायोटिकवाल्यांचे रखडले. अभ्यास छोटा होता, मान्य, पण मी तरी कॅप्सूलपेक्षा फायबरवर पैसे घालवीन.