डिंकाचे लाडू विकत आणले तरी चालतील

दिवाळीचा फराळ संपत आला, नाशकात पहाटे पंखा बंद करायला कुणीतरी उठायला लागलं आणि खोबरेलाची बाटली न्हाणीघरातून उन्हात आली. आता महिनाभरात पेपरात निफाडचा पारा छापून यायला लागेल. २०१८ च्या डिसेंबरात तिथल्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंश नोंदले गेले होते, ते इकडे अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. द्राक्षबागायतदाराची त्या आकड्याने झोप उडते. आमच्यासारख्या नोकरदारांच्या घरात फार तर स्वेटर निघतात, आणि व्हॉट्सॲपवर आजीचा बटवा उघडतो.

या बटव्यावरून दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, जी आपलीच बाजरी, आपलाच डिंक आणि आपलीच गोधडी सुबक खोक्यात घालून चौपट भावाने विकतात. त्यांचं मला फार काही वाटत नाही, घ्यायची तर घ्यावी, नाहीतर पुढे जावं. राग येतो तो दुसऱ्यांचा. "सगळं घरीच करावं हो, किती स्वस्त पडतं! पूर्वीच्या बायका नाही का करायच्या?" करायच्या ना. पहाटे पाचला उठून करायच्या, आणि त्यांना कुणी हो-नाही विचारलेलं नसायचं. घरचं स्वस्त पडतं या हिशोबात खारकेचा भाव धरतात, तुपाचा धरतात, खसखशीचा तर घाबरून दोनदा धरतात. करणारीची अख्खी दुपार मात्र फुकट.

म्हणून माझं म्हणणं असं की थंडीची तयारी सरसकट घरी किंवा सरसकट विकत, असं नसावं. एकेक वस्तू घ्यावी आणि तिचा हिशोब मांडावा, हातांच्या मजुरीसकट.

डिंकाचे लाडू घ्या. खारीक फोडा, बिया काढा, कुटा, खोबरं किसा, भाजा, डिंक तळा, गुळाचा पाक, गरम आहे तोवर वळा. एकटीच्या अंगावर पडणार असेल तर सरळ विकत आणावेत. आमच्या भागात बचत गटाच्या बायका उत्तम करतात आणि त्यांच्या मजुरीचे पैसे त्यांना मिळतात, हे मला जास्त बरं वाटतं. फक्त घेण्याआधी एक लाडू फोडून बघा. डिंक नीट फुललेला असेल तर तोंडात कुरकुरतो आणि विरघळतो. घाईघाईत एकदम मूठभर डिंक कढईत टाकला की तो वरून फुलतो आणि आत खडा राहतो, मग दाताला चिकटतो. घरी करणार असाल तर हेच लक्षात ठेवा: तूप मध्यम आचेवर, डिंक थोडा थोडा, आणि पहिल्या घाण्यातला एक दाणा बोटांनी चुरडून बघायचा. मध्ये चिकट कणी लागली की आच कमी करायची. खारीक कुटायला आमच्या घरात पुरुष मंडळी बसतात. खलबत्ता जड असतो, आणि व्यायामाचं एवढं वेड आहे तर घरात तरी करावा.

याउलट बाजरीचं पीठ. ते तयार पाकिटातलं कधीच आणू नये, मग पाकीट कितीही सुंदर असो. बाजरीत स्निग्धांश जास्त, दळली की तो लवकर खवट होतो. पीठ कडवट लागतं, विरी म्हणजे चिकटपणा जातो आणि भाकरी थापतानाच काठाला चिरा पडतात. पाकिटावर सहा महिन्यांची मुदत छापलेली असते, जिभेला ती मान्य नसते. बाजरी धान्य म्हणून आणावी आणि गिरणीतून एक-दोन किलोच दळून आणावी, आठवड्याभरात संपेल एवढीच. यात कष्ट गिरणीचे, फायदा आपला. बाजरी चांगली असली तर वर नुसतं लोणी आणि गूळ पुरतो.

आता गोधडी. इथे मी जरा रेंगाळणार.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिवाळीनंतर एक मावशी येऊन बसतात. तुम्ही कपडे द्यायचे, त्या शिवून देतात. आधी जुन्या साड्यांचे थर जमिनीवर ताणून अंथरतात, हाताने सुरकुत्या काढतात, कडेने मोठे कच्चे टाके घालून सगळं जागच्या जागी धरतात आणि मग काठापासून आत धावदोऱ्याने शिवत जातात. ओळी इतक्या सरळ, की पट्टी लावली होती का असं विचारावंसं वाटतं. माझ्या आईच्या सुती नऊवारीच्या गोधड्या याच पद्धतीने झाल्या. बाहेरच्या थराला पैठणीच्या काठाची पट्टी लावून ती विकणारी दुकानं आहेत, पण ऊब काठात नसते. ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते, आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडात ती छान अडकते.

अडचण एकच, हल्ली घरात सुती कापडच सापडत नाही. कपाट भरून साड्या निघतात, सगळ्या सिंथेटिक. त्यांची गोधडी शिवताना थर एकमेकांवरून घसरतात, रात्री अंगावरून घसरते आणि घाम आला तर तो शोषत नाही. तेव्हा वर्षभर एक पिशवी बाजूला ठेवा: सुती चादरी, धोतर, पंचे, विटलेले सुती कुर्ते, मुलांचे टी-शर्ट आतल्या थराला. टेरीकॉट टाळा. शिवून झाल्यावर वर सुती खोळ घाला. गोधडी धुणं हे दोन माणसांचं काम आहे आणि ती वाळायला थंडीत दोन दिवस लागतात, खोळ मात्र दर पंधरा दिवसांनी निघते. आणि मावशींशी मजुरीवरून घासाघीस करू नका. मॉलमधल्या ब्लँकेटवर छापलेला भाव आपण मुकाट देतो.

घोंगडीबद्दल एवढंच सांगते, की हातमागाची मिळाली तर घ्यावी. दख्खनी मेंढीची लोकर, सुताला चिंचोक्याची खळ, त्यामुळे सुरुवातीला टोचते. वापराने मऊ होते. पातळ चादर मध्ये घालावी, कुरकुर करू नये.

माझ्या सासूबाई सिंधुदुर्गातल्या. त्यांच्याकडून दर थंडीला कोकमाचं तेल येतं, भिरंडेल. तेल म्हणतात, पण असतो तो पिवळट पांढरा कडक गोळा. रातांब्याच्या बिया वाळवून, सोलून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारा स्निग्धांश काढून थंड करून त्याचे गोळे वळतात. शरीराच्या उबेला ते विरघळतं, म्हणून टाचेवर घासलं की आपोआप पसरतं. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, पुसून, भेगांत भिरंडेल, वर मोजे. मोठाल्या कंपन्यांच्या क्रीममध्येही हेच कोकम बटर म्हणून असतं, चिमूटभर. कोकणातून येणाऱ्या कुणालाही सांगून ठेवा, एक गोळा हिवाळाभर जातो. भेगांतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर मात्र पाय डॉक्टरांना दाखवायचे.

गरम पाण्याचंही गणित एकदा कागदावर मांडून बघा. पंधरा लिटरची टाकी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण पाऊण युनिट वीज लागते. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की अंगाला सोसवेल असं तीस लिटर होतं. बादलीने आंघोळ केली तर त्यात दोघांचं भागतं. शॉवरखाली दहा मिनिटं गाणी म्हणणाऱ्याला सत्तर-ऐंशी लिटर लागतात. सोलर असेल तर नळाला गरम पाणी यायच्या आधी जे गार पाणी येतं ते बादलीत धरा, फरशी पुसायला होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये हे पाणी मोरीत सोडणारी आणि उन्हाळ्यात टँकरच्या नावाने ओरडणारी माणसं एकच आहेत, पण तो विषय वेगळा.

आता जिथे काटकसर करायची नाही त्या जागा. गॅस गीझर बाथरूमच्या आत लावून, थंड वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा लावणं. कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपणं. दोन्हीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. दर हिवाळ्यात अशी बातमी येतेच. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर बसवायचा खर्च जास्त वाटतो, तो करावा. शेकोटी अंगणात पेटवा, आणि तिच्यात दुधाच्या पिशव्या टाकू नका. थंडीत धूर खाली राहतो आणि दमेकरी माणसाच्या छातीत जातो.

औषधांचंही तेच. थंडीत रक्तदाब वाढतो, त्यामुळे "काढा घेतोय ना, गोळी एक दिवसाआड चालेल" हे घरचं संशोधन बंद करावं. घरातल्या ज्येष्ठांना फ्लूची लस द्यायची का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. लशीचे पैसे एका पाहुणचारात जातात. वर्षाच्या आतल्या बाळाला खोकल्यासाठी मध चाटवू नका, सांगणारी आजी कितीही प्रेमळ असो. अळिवाचे लाडू बाळंतिणीला द्यायची पद्धत आहे, पण गरोदरपणात द्यायचे नाहीत, ही पथ्याची बाजू फॉरवर्डमध्ये गळून पडते. आणि मधुमेही काकांना "गुळाचे आहेत, साखरेचे नाहीत" म्हणून तिसरा लाडू वाढणाऱ्यांना काय म्हणावं!

आवळा मात्र बिनधास्त घ्या. आता बाजारात ढिगाने येईल. मोरावळ्यात साखर भरपूर जाते, म्हणून मी आवळे किसून, मीठ-आलं लावून कडक उन्हात वाळवते. जेवल्यावर चिमूटभर तोंडात टाकायला होतं, पैसे जवळपास लागतच नाहीत.

राहिलं संध्याकाळचं जेवण. नगर-जुन्नरकडची मंडळी हसतील, पण नाशकातही पुष्कळ घरांत शेंगोळे होत नाहीत, म्हणून लिहिते. हुलग्याचं म्हणजे कुळथाचं पीठ, त्यात मूठभर गव्हाचं, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, हळद, मीठ, कोथिंबीर. घट्ट मळायचं. तळहातावर तेल घेऊन करंगळीएवढ्या वळ्या करायच्या आणि टोकं जोडून कडी करायची. लसणाची भरपूर फोडणी करून त्यात पाणी उकळायचं, वाटणातलं थोडं त्यातही घालायचं आणि खळखळ उकळी आल्यावरच शेंगोळे सोडायचे. आधी सोडले तर विरघळून पिठलं होतं. पीठ सुटून रस्सा आपोआप दाट होतो. वळ्या करायला घरातल्या सगळ्यांना बसवा, टीव्ही बघत बघत होतात. चार माणसांचं पोट भरतं, वेगळी भाजी लागत नाही, भाकरी असली तर उत्तम. हुलगा उष्ण म्हणतात, तेव्हा ज्यांना पित्त आहे त्यांनी सोबत ताक घ्यावं.

नाशिक रोडच्या बाजूला चांगला हुलगा कुठे मिळतो ते कुणाला माहीत असेल तर खाली लिहा. आमच्या वाण्याकडचा खड्यांसकट येतो.